आधी प्रतवारी कर गं!

अगं, फोन कपाटात टाकून द्यायचा विचार करतेयस म्हणे! नको गं. चार दिवस बरं वाटेल, मग पोराच्या शाळेचा एखादा निरोप चुकेल आणि तूच स्वतःला बोल लावत बसशील. तुझं दुखणं मला पक्कं ठाऊक आहे. व्हॉट्सॲपवर गावचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, माहेरचा, सासरचा, बचत गटाचा, अंगणवाडीचा, पोराच्या वर्गाचा, टोमॅटोवाल्यांचा आणि दहावीच्या बॅचचा. फेसबुकवर लाइव्ह साड्या दाखवणाऱ्या बायका. इन्स्टावर केक शिकवणारी, ओटा चकचकीत ठेवणारी आणि मुंबईची पुतणी. यूट्यूबवर कांद्याचे भाव सांगणारे दादा, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं! या सगळ्यात ज्या कामासाठी फोन हातात घेतला तेवढंच सापडत नाही. दूध उतू जातं आणि सासूबाई म्हणतात, ‘त्या फोनातच राहायला जा.’

बघ, तुझ्यात काही कमी नाही. गोठा, मळा, दोन पोरं आणि गटाचा हिशेब सांभाळणारी बाई तू, फोनपुढे कशाला हार मानतेस? फोन तुझ्याकडे आलाय खरा, पण त्याची मांडणी तू केलेली नाहीस, एवढंच झालंय.

आपल्या पिंपरी पेंढारात तर ही मांडणी हौसेची गोष्ट नाहीच. कल्याण-नगर महामार्गाला लागून गाव, एका बाजूला ओतूर, दुसऱ्या बाजूला आळेफाटा. वस्त्या मळ्यात, मळ्याला लागून ऊस आणि उसात बिबट्या. २०२४ साली आपल्याच शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात बायका गेल्या, हे मी तुला काय सांगू! अशा गावात ‘अमक्या मळ्याजवळ आत्ता दिसलाय, पोरं घरात घ्या’ हा निरोप गुलाबाच्या फुलांच्या सुप्रभाताखाली दबून राहिला तर कसं चालेल? म्हणून म्हणते, फोन सोडू नकोस, माणसंही सोडू नकोस. याद्या कर.

हा ढीग तू एकटीने नाही केलास

आधी मनावरचं ओझं उतरव. ‘फॉलो’, ‘जॉइन’, ‘सबस्क्राइब’ ही बटणं एका बोटाची आहेत. नको झालं की बाहेर पडायची वाट मात्र आत कुठेतरी दडलेली असते. फेसबुकने २००६ साली सगळ्यांच्या नव्या गोष्टी एकाखाली एक दाखवायला सुरुवात केली. पुढे हा क्रमही वेळेचा राहिला नाही. तू ज्यावर जास्त थांबतेस, ते वर येतं. साडीवर थांबलीस की आणखी साड्या. भांडणाच्या व्हिडिओवर थांबलीस की आणखी भांडणं. बहिणीने टाकलेला बाळाच्या बारशाचा फोटो खाली जातो, कारण त्यावर तू क्षणभर हसून पुढे गेलेली असतेस. त्यात भर म्हणून २०२३च्या सप्टेंबरात व्हॉट्सॲपवर चॅनेलही आले. हे सगळं जागच्या जागी बसेल अशी वाट बघशील तर ते होणार नाही, कारण तू आणखी थोडा वेळ खिळून राहावीस यातच त्या कंपन्यांचा फायदा आहे.

पण त्याच ॲपमध्ये याद्या करायची सोयही दिलेली असते. ती कोपऱ्यात असते आणि कुणी जाहिरात करत नाही, म्हणून आपल्याला माहीत नसते.

प्रतवारीचं तत्त्व

तू दरवर्षी कांदा करतेस ना? बराखीतून काढल्यावर सगळा कांदा एकाच गोणीत भरून ओतूरच्या बाजारात नेतेस का? मोठा गोळा वेगळा, मध्यम वेगळा, बारीक गोल्टी वेगळी, खराब बदला वेगळा. सगळा मिसळून नेला तर चांगल्या कांद्यालाही बदल्याचा भाव. फोनमध्ये तू नेमकं हेच करून बसली आहेस गं. वनखात्याचा निरोप आणि भावकीतल्या काकांचा विनोद एकाच गोणीत.

आता प्रतवारी कशावर करायची? इथे बहुतेक जणी चुकतात. त्या माणसांच्या नात्यावर याद्या करतात: सासरचे, माहेरचे, मैत्रिणी. खरं सांगू का, त्याने काही हाताला लागत नाही, कारण सासरच्या यादीतही कामाचा माणूस आणि रिकामटेकडा माणूस दोघेही असतात. त्यापेक्षा ही गोष्ट मी कधी उघडून बघायची, हे स्वतःला विचारायचं. त्या हिशेबाने चार याद्या पुरतात.

पहिली ‘लगेच’. जे आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे. दुसरी ‘काम’. जे दिवसातून एकदा, ठरल्या वेळी बघायचं. तिसरी ‘आपली माणसं’. ज्यांची खुशाली कळल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. चौथी ‘मनासाठी’. पाककृती, भरतकाम, कीर्तन, नाटक, जे तुला आवडतं ते. या चारांत जे बसत नाही, त्याचा आवाज बंद. संपलं. पाचवी यादी करायचा मोह होईल, तो आवर.

आणि माझ्यासारखं करू नकोस हं. माझ्या पहिल्या यादीचं नाव मी ‘महत्त्वाचं’ ठेवलं आणि भिडेपोटी एकेक करत त्यात सगळं गाव बसवलं. घरचे आजही हसतात त्यावर.

‘लगेच’ची यादी सगळ्यात लहान हवी

सुरुवात व्हॉट्सॲपपासून कर, कारण आपलं निम्मं जग तिथेच आहे. २०२४च्या ऑक्टोबरअखेर त्यात याद्यांची सोय आली. व्हॉट्सॲप उघडलंस की वर ‘सर्व’, ‘न वाचलेले’, ‘ग्रुप’ अशी बटणं दिसतात, त्यांच्या शेवटी अधिकचं चिन्ह असतं. ते दाब, यादीला नाव दे, त्यात माणसं किंवा ग्रुप घाल. पुढे कधी बदल करायचा झाला तर त्या नावावर बोट दाबून धर.

‘लगेच’मध्ये काय घालशील? गावात बिबट्याच्या सूचनेसाठी जो ग्रुप असेल तो. शाळेचा तो ग्रुप, ज्यात फक्त बाईच लिहू शकतात. पोलीस पाटील. आशाताई. दूध घालतेस त्या डेअरीचा निरोप. कालव्याला पाणी कधी सुटणार आणि थ्रीफेज लाइट रात्रीची की दिवसाची हे सांगणारा माणूस. पिंपळगाव जोगे धरणाचं आवर्तन सुटल्यावर आपली पाळी हुकली तर पीक सुकतं. रात्रीची लाइट असेल तर मोटर चालू करायला एकट्याने जायचं नाही, सोबत कोण येणार हेही आधीच ठरवावं लागतं.

एक कडक नियम लक्षात ठेव. जो ग्रुप सणाच्या शुभेच्छा पुढे ढकलतो, तो कितीही मोठा असला तरी ‘लगेच’मध्ये येणार नाही. गावचा मोठा ग्रुप सरपंचांनी काढलेला असो नाही तर देवस्थानाच्या मंडळाने, त्यात दिवसभर हार-तुरे चालत असतील तर तो ‘काम’मध्ये. वाईट वाटून घेऊ नकोस, ग्रुपला भावना नसतात.

आणखी एक बघ. यादी केली म्हणून फोन वेगळा वाजत नाही. त्यासाठी त्या ग्रुपच्या नावावर जाऊन सूचनेचा आवाज वेगळा लाव. बिबट्याच्या ग्रुपला असा आवाज दे की तू गोठ्यात धार काढत असलीस तरी ओळखू येईल. तीन चॅट वर टाचून ठेवता येतात, त्यातली एक जागा त्याला दे. मग बाकीचं बिनधास्त शांत कर: आठ तास, आठवडाभर किंवा कायम, तिन्ही पर्याय आहेत. अगदीच नको असेल ते ‘अर्काइव्ह’मध्ये टाक. २०२१पासून अर्काइव्हमधलं चॅट नवा निरोप आला तरी उसळी मारून वर येत नाही, तिथेच गप्प पडून राहतं.

आता बिबट्याचा विषय निघालाच आहे तर मोठ्या बहिणीच्या नात्याने दरडावून सांगते. फोटो आला की लगेच पुढे ढकलायचा नाही. हल्ली एआयने बनवलेला बिबट्या इतका खरा दिसतो की कुणाच्याही अंगणात बसवता येतो. जुना व्हिडिओ नव्या गावाच्या नावाने फिरतो तो वेगळाच. मग बायका घाबरून दारं लावतात, बाप्ये काठ्या घेऊन उसाकडे धावतात आणि जिथे काहीच नसतं तिथे वनखात्याची माणसं रात्रभर फिरत राहतात. यादीचा खरा उपयोग इथेच होतो. ‘लगेच’मध्ये नसलेल्या माणसाकडून आलेली खबर आधी ‘लगेच’मधल्या माणसाला विचारायची. पोलीस पाटील किंवा वनरक्षक हो म्हणाले तरच खरं. स्वतः पाहिलास तर ग्रुपवर लिहीत बसण्याआधी वनखात्याचा १९२६ हा नंबर फिरव. तो नंबर आणि पोलिसांचा ११२ फोनमध्ये नाव घालून ठेव, घाईत आकडे आठवत नाहीत.

कांद्याचा भाव आणि बोलणारे दादा

‘काम’च्या यादीत शेती येते, बचत गट येतो, ग्रामपंचायतीच्या सूचना येतात. ही यादी दुपारची जेवणं आटोपल्यावर एकदा उघडायची. तेवढं पुरे. बाजारभाव दिवसातून दहा वेळा बघितल्याने वाढत नाही गं. वाढला असता तर आपण सगळ्या जणी एव्हाना बंगल्यात असतो.

पण या यादीत कुणाला घ्यायचं, हे नीट बघ. २०२३चा जुलै आठवतो? नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटो क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. जो तो टोमॅटोचा व्हिडिओ काढत होता. ते पाहून कितीतरी जणांनी लागवडी केल्या आणि सप्टेंबरापर्यंत भाव पार खाली आला. व्हिडिओ खोटे नव्हते, पण ते काल काय झालं ते सांगत होते आणि बघणाऱ्यांनी ते उद्याचं म्हणून ऐकलं.

कांद्याचं तर आणखी मजेशीर. म्हणजे तेव्हा कुणाला हसू आलं नव्हतं. ८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ३१ मार्चपर्यंत. मधेच फेब्रुवारीत बातमी सुटली की बंदी उठली. ती पसरली, लासलगावात भाव चढले, फोनाफोनी झाली. दोन दिवसांत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी सांगितलं, बंदी उठलेली नाही, कायम आहे. प्रत्यक्षात ती उठली ४ मे २०२४ला, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर निर्यातदराची अट घालून. म्हणजे ‘बंदी उठली’ या दोन शब्दांवर ज्याने घाईघाईत सौदा केला, त्याला पुढची अट माहीतच नव्हती.

म्हणून ‘काम’मध्ये दोन कप्पे मनाशी ठेव. एका कप्प्यात ज्यांच्या हातात निर्णय किंवा नोंद असते ते: जुन्नर बाजार समितीचा रोजचा भाव, पणन मंडळ, कृषी विभाग, नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र, परदेश व्यापाराच्या सरकारी अधिसूचना. दुसऱ्या कप्प्यात अंदाज सांगणारे. अंदाज सांगणाऱ्यांत चांगली अभ्यासू माणसं असतात, त्यांचं ऐकावं. पण ‘उद्या कांदा पेटणार’ असं लाल अक्षरांत रोज लिहिणाऱ्याला यादीत जागा नाही. साधी परीक्षा घे: महिन्यापूर्वीचा त्याचा व्हिडिओ काढ आणि बघ, खरं निघालं का. ही परीक्षा एकदा घेतलीस की अर्धी यादी आपोआप रिकामी होते. पिकावर रोग दिसला आणि व्हिडिओत तीन जण तीन औषधं सांगत असले तर फवारणी करण्याआधी किसान कॉल सेंटरला १८०० १८० १५५१ वर विचार. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात.

‘तिला कळलं तर?’

आता तुझी खरी भीती. मला माहितीये, तुझं बोट बटणावर जाऊन का थांबतं. ‘जाऊबाईंना कळलं तर?’ ‘नणंदेने विचारलं, माझा फोटो लाइक का नाही केलास, तर?’ एका भावकीत राहायचं, एका विहिरीवर पाळी धरायची, आणि फेसबुकावरून रुसवा ओढवून घ्यायचा! ही भीती अगदी खरी आहे, मी तिला हसणार नाही.

पण बघ, बहुतेक याद्या कुणाला कळतच नाहीत. व्हॉट्सॲपची यादी फक्त तुझ्या फोनात दिसते. तू कुणाला शांत केलंस, कुणाला अर्काइव्हमध्ये टाकलंस, हेही त्यांना समजत नाही. ग्रुप सोडलास तरी २०२२पासून ते सगळ्यांना जाहीर होत नाही, फक्त ॲडमिनला कळतं. हां, अलीकडे कोण बाहेर पडलं याची यादी कुणी मुद्दाम उघडून बघितली तर त्यात नाव सापडतं. ॲडमिन जाऊबाईच असतील तर सोडू नकोस बाई, शांत कर!

फेसबुकवर मैत्री न तोडता ‘अनफॉलो’ करता येतं. त्यांच्या मैत्रिणींच्या यादीत तुझं नाव तसंच राहतं, फक्त त्यांच्या पोस्ट तुझ्यापुढे येत नाहीत. तेवढंही धाडस होत नसेल तर ‘स्नूझ’ कर, तीस दिवसांची सुट्टी. लग्नसराईत हे फार उपयोगी पडतं. उलट बाजूने, तू टाकलेलं कुणी बघू नये असं वाटत असेल तर त्याला ‘रिस्ट्रिक्टेड’ यादीत घाल. मैत्री राहते, पण तू सगळ्यांसाठी खुलं केलेलं तेवढंच त्याला दिसतं आणि त्याला त्याची खबरही जात नाही. बाजारातल्या कुठल्याशा ओळखीच्या माणसाची रिक्वेस्ट नाकारता येत नाही, अशा वेळी ही यादी देवासारखी धावून येते.

‘आपली माणसं’साठी फेसबुकात ‘फेव्हरिट्स’ आहे. तीस नावं घालता येतात. मेनूमध्ये ‘फीड्स’ शोध, त्यात ‘फेव्हरिट्स’ निवड, तिथे फक्त त्यांच्या पोस्ट, नवीन आधी अशा क्रमाने दिसतात. इन्स्टावर २०२२च्या मार्चपासून हीच सोय आहे, तिथे पन्नास नावांपर्यंत. इन्स्टाग्रामच्या नावावर वर बोट लाव, ‘फेव्हरिट्स’ निवड. कुणाला घातलंस, कुणाला काढलंस, कुणालाही कळत नाही. सांगलीची बहीण, दुबईला गेलेला भाऊ, नर्सिंगला असलेली भाची, ही नावं आधी घाल. बघ, दोन मिनिटांत सगळ्यांची खुशाली कळते आणि साड्यांच्या दुकानात शिरावं लागत नाही.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेव. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, २००९पासून याद्या आहेत, आणि तिथली यादी सगळ्यांसाठी खुली ठेवलीस तर ज्याला तू तीत घालतेस त्याला निरोप जातो. यादीचं नाव ‘फेकू लोक’ ठेवशील आणि त्या माणसाच्या फोनवर ते झळकेल! म्हणून यादी करताना ‘खाजगी’ निवड, मग कळत नाही. एक्सची एक सोय मात्र छान आहे: फॉलो न करताही कुणालाही यादीत घालता येतं. जिल्हाधिकारी कार्यालय, पुणे ग्रामीण पोलीस, हवामान खातं एवढ्यांचीच एक खाजगी यादी करून ठेवलीस की माळशेज घाटात दरड आली का, पावसाचा इशारा आहे का, ते एका जागी मिळतं. बाकी तिथल्या भांडणांशी आपल्याला काय करायचंय!

‘मनासाठी’ची यादी चोरून करू नकोस

आपल्या बायकांची एक सवय असते. कामाचं आधी, मनाचं राहिलंच तर. मग रात्री अकराला अंथरुणात फोन घेऊन पडतो आणि जे समोर येईल ते बघत राहतो. डोळे दुखतात आणि मनही भरत नाही. त्यापेक्षा मनाचंही नीट निवडून ठेव.

यूट्यूबवर प्लेलिस्ट कर. एक ब्लाउजच्या कटिंगची, एक दिवाळीच्या फराळाची, एक कीर्तनाची, एक तुझ्या अभ्यासाची. हो, अभ्यासाची! तू मुक्त विद्यापीठाची पदवी अर्धी सोडली आहेस, ते मी विसरले नाहीये. नवा व्हिडिओ दिसला की तिथेच बघत बसायचं नाही, प्लेलिस्टमध्ये टाकून पुढे जायचं. हातात वेळ असेल तेव्हा काढायचं. जो चॅनेल नको वाटतो त्याच्या तीन ठिपक्यांवर ‘हा चॅनेल सुचवू नका’ असं असतं, ते न लाजता दाब. इन्स्टावर पाककृती जपून ठेवतेस ना, त्यांचेही कप्पे करता येतात. नाही तर मोदकाची कृती हवी असते तेव्हा तीनशे व्हिडिओंत पनीरच सापडत राहतं.

आणि इथे थोडं कठोर बोलते, रागावू नकोस. काही खाती अशी असतात की ती बघून झाली की तुला तुझं घर काळवंडलेलं वाटतं. त्या बाईचा पांढरा ओटा, तिची शांत झोपलेली पोरं, तिचं सहाच्या आधी उठून केलेलं ध्यान. तुझ्या ओट्यावर पाटीभर टोमॅटो, दाराशी चिखलाच्या चपला आणि पोरं भांडतायत. तिच्या व्हिडिओत गोठा नाही, लोडशेडिंग नाही, सासूबाईंच्या औषधाच्या वेळा नाहीत. ती काही वाईट नसेल, पण तिला रोज बघून तू रडवेली होत असशील तर ती तुझ्या कुठल्याच यादीत नको. काढून टाक. कारण देऊ नकोस, स्वतःलासुद्धा नाही.

सासूबाईंचीही एक यादी

घरात एक यादी आणखी कर, तुझ्यासाठी नाही, सासूबाईंसाठी. त्यांच्या फोनवर जे येतं ते कुणीतरी पाठवलेलं असतं. ‘हे पाणी पिऊन शुगर गेली’, ‘खात्याची माहिती द्या, पैसे जमा होतील’. त्यांना हो-नाही कळत नाही असं नव्हे. पण समोर निवडक काही नसलं की आलेलं सगळं बघावं लागतं. त्यांच्या यूट्यूबवर हरिपाठाची, भजनाची, त्यांना आवडणाऱ्या जुन्या तमाशातल्या गवळणींची प्लेलिस्ट लावून दे. आपल्या नारायणगावची ओळखच तमाशाची, त्यांना ते आवडणारच! व्हॉट्सॲपमध्ये ‘घरचे’ अशी एकच यादी कर. त्यांना अनोळखी माणसाने कुठल्याही ग्रुपात ओढू नये म्हणून सेटिंगमध्ये प्रायव्हसी, तिथे ग्रुप, तिथे ‘माझे कॉन्टॅक्ट’ एवढं कर. आणि पैशांची फसवणूक झालीच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० ला फोन करायचा, हे त्यांच्याकडून आणि सासऱ्यांकडून पाठ करून घे. याने काय होईल माहितीये? ‘त्या फोनातच राहायला जा’ हे वाक्य ऐकू येणं कमी होईल. झालं तर तुझाच फायदा!

आणि हे टिकवायचं कसं?

याद्या एकदा केल्या म्हणजे झालं असं नसतं. पोरगं पुढच्या वर्गात गेलं की जुन्या वर्गाचा ग्रुप उगाच राहतो. टोमॅटोचा हंगाम संपला तरी त्याचे सगळे ग्रुप ‘काम’मध्ये बसलेले असतात. संकष्टीला साबुदाणा भिजत असतो तेवढ्या वेळात एकेक यादी उघडून बघ. महिनाभरात ज्याचा एकदाही उपयोग झाला नाही ते बाहेर. नवीन काही घ्यायचं असेल तर आधी विचार, हे चारांतल्या कुठल्या यादीत जाणार? उत्तर आलं नाही तर ‘जॉइन’ दाबायचंच नाही. भिडस्त आहेस म्हणून सांगते, कुणी विचारलंच तर ‘फोनची जागा भरलीय’ म्हण. तेवढं खोटं चालतं.

सगळं आजच्या आज करायला जाऊ नकोस. तू एकदा हाती घेतलंस की घर झाडून काढल्यासारखी सुटतेस आणि मग दमून अर्धवट सोडतेस, ओळखते मी तुला. आज रात्री भांडी झाली की फक्त ‘लगेच’ची यादी कर आणि त्या बिबट्याच्या ग्रुपला वेगळा आवाज लाव. बाकीच्या तीन याद्या पुढच्या आठवड्यात, सावकाश. कुठे अडलीस तर मला फोन कर, मेसेज नको. मेसेज केलास तरी चालेल म्हणा, तू माझ्या ‘लगेच’च्या यादीत आहेस.